हत्ती म्हणजे कापूस

फार पूर्वी, जिथे घरोघर कानडी बोलली जाई, अशा एका गावात एक मराठी राखणदार कामाला आला. त्याची नजर घारीसारखी होती आणि गोफणीचा नेम कधी चुकत नसे. म्हणून गावच्या गौडाने, म्हणजे पाटलाने, आपल्या शेताची राखण त्याच्याकडे दिली.

शेताच्या एका बाजूला रान होतं. रानाला लागून दोन पुरुष उंच जोंधळा आणि जोंधळ्याच्या पुढे कापूस. दोन्हींच्या मधल्या बांधावर राखणदाराचं मचाण होतं.

माणूस कष्टाळू होता, पण फार लाजाळू. पहिल्याच महिन्यात त्याने कापूस वेचणाऱ्या बायांकडे आंबट ताक मागितलं. कानडीत आंबटाला ‘हुळी’ म्हणतात आणि वाघाला ‘हुली’. बिचारा नेमका ‘हुली’ म्हणाला.

“वाघाचं ताक पाहिजे होय?” एक तरणी बाई म्हणाली. “तू वाघीण धरून आण, यप्पा. धार आम्ही काढतो!”

सगळ्या बाया पोट धरून हसल्या. पुढे कित्येक दिवस त्याला ‘वाघाचं ताक’ याच नावाने हाक मारत होत्या. त्या दिवसापासून राखणदाराने तोंड मिटलं. मानेने हो, मानेने नाही. कानावर पडतील ते शब्द तो ओळखू लागला. पाखराला ‘हक्की’, डुकराला ‘हंदी’, कापसाला ‘हत्ती’. हा शेवटचा शब्द ऐकून त्याला मनात गंमत वाटली होती. मग यांच्यात हत्तीला काय म्हणत असतील? पण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. आणि त्या रानात हत्ती कुठे होता? त्याने विचारलं नाही.

अशी दोन वर्षं गेली.

एकदा भर दुपारी तो मचाणावर बसला होता. वारा पडलेला होता. तरी रानाच्या बाजूचा जोंधळा हलत होता. डुकरं असतील म्हणून त्याने गोफण उचलली. पण डुक्कर शिरलं तर ताटं खालून थरथरतात. इथे ताटं शेंड्यासकट आडवी होत होती. पाहता पाहता मोडत्या ताटांमधून एक काळी पाठ दिसली. मग सोंड वर आली आणि कणसांची मूठ उपटून खाली गेली.

एकटा, भला थोरला सुळेवाला हत्ती होता. तो सरळ बांधाकडे येत होता. बांधापलीकडे दहा बाया खाली वाकून कापूस वेचत होत्या. मध्ये जोंधळा असल्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं.

भीतीने माणसाच्या तोंडून आईची भाषा येते. राखणदार उभा राहून ओरडला, “हत्ती! हत्ती!”

बायांनी माना वर केल्या.

“ऐकलं का, आपला मुका बोलला!” तीच तरणी बाई म्हणाली. “कापूस, कापूस म्हणतोय. बांधाकडची बोंडं वेचायची राहिलीत ना.”

“बरतीवि, मामा, बरतीवि!” म्हणजे येतो, येतो, असं म्हणत बाया ओट्या सावरून बांधाकडेच चालू लागल्या.

काय झालं ते राखणदाराला त्याच क्षणी कळलं. ज्या शब्दाने त्या पळायला हव्या होत्या, त्याच शब्दाने त्या हत्तीच्या तोंडाशी येत होत्या. त्याने डबा बडवला. पण डबा तर तो पाखरांसाठी रोजच बडवायचा. भीतीचा एकच कानडी शब्द त्याला येत होता, वाघाचा. त्याने तोही ओरडून पाहिला, “हुली! हुली!”

बायांमध्ये हशा पिकला. “अगं बाई, दोन वर्षांनी याला पुन्हा ताकाची तहान लागली!”

मागे काडकाड आवाज जवळ येत होता. गावाकडची वाट मोकळी होती. तिकडे पळाला असता तर तो नक्की वाचला असता. समोर गेला तर आधी त्या हसणार, आणि मग कदाचित कोणीच वाचणार नाही.

त्याने मचाणावरून उडी टाकली आणि धावत जाऊन बायांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. एका हाताने नाक धरलं, दुसरा हात त्यातून सोंडेसारखा लोंबता सोडला आणि तो पाय आपटत डुलू लागला.

“अय्यो, याला भूत लागलं!”

“भूत कसलं, ऊन लागलंय. डोक्यावर पाणी ओता!”

बाया हसत होत्या आणि तो डुलत होता. शरमेने त्याचे कान तापले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण त्याने हात खाली घेतला नाही.

बायांमध्ये एक म्हातारी होती. ती हसली नाही. खेळ करणारा माणूस रडत नाही, एवढं तिला कळत होतं. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “आने?”

हाच हत्तीचा शब्द असणार हे ओळखून त्याने जोरजोरात मान हलवली. “आने! आने, अज्जी! आने!”

हसू जागच्या जागी थांबलं. तेवढ्यात जोंधळ्यातून एक लांब फुत्कार आला. बायांनी ओट्या सोडल्या आणि गावाच्या वाटेने पळ काढला. तरणी बाई मात्र जागीच खिळली होती. राखणदाराने तिचा दंड धरून तिला ओढत नेलं. गाडीवाटेच्या वळणावरून त्यांनी मागे पाहिलं, तेव्हा मचाण काड्यांसारखं मोडून पडलं होतं. सांडलेल्या कापसातून हत्ती सावकाश चालला होता.

संध्याकाळी गौडाने साऱ्यांना बोलावलं. तो राखणदारावर रागावला. “दोन वर्षं इथलं पाणी पितोस आणि तुला एवढा शब्द येऊ नये? कोणाला विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं?”

राखणदार मान खाली घालून म्हणाला, “चुकलं, धनी.”

“त्याचं चुकलंच,” म्हातारी म्हणाली. “पण गौडा, त्याने एकदा तोंड उघडलं होतं. ते बंद कोणी केलं?”

तरणी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी राखणदार नवं मचाण बांधत होता. ती तरणी बाई तिथे आली. तिच्या मुठीत एक फुटलेलं बोंड होतं.

“मामा, तुमच्यात याला काय म्हणतात?”

“कापूस.”

“कापशी?”

त्याला हसू फुटलं. तीही हसली आणि त्याच्या समोर बसली. “हसा, पण सांगायचं थांबू नका. पुन्हा म्हणा.”

“का-पू-स,” तो म्हणाला.

तात्पर्य: चुकलेल्या शब्दाचं हसू येणारच. पण ते हसू एवढं होऊ नये की बोलणाऱ्याचं तोंड मिटेल, आणि लाज एवढी होऊ नये की शिकणाऱ्याचं विचारणं थांबेल.