हौसा, अबोली परी आणि मचवाभर भाकस

समुद्राचं निळं पाणी जिथं वळसे घेत खाडीत शिरतं, तिथं शिंपलवाडी नावाची एक इवलीशी वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला, माडाच्या झापांनी शाकारलेल्या घरात हौसा राहायची. हौसा आठ वर्षांची. तिच्या परकराला दोन ठिगळं होती, एक निळं आणि एक पिवळं. आणि गेले तीन दिवस तिच्या घरी सकाळी पेज आणि संध्याकाळी तीच पेज, अशी मेजवानी चालली होती.

कारण तिचा बा परतला नव्हता. जवळच्या पाण्यात मासळी मिळेना, म्हणून तो आपला जुना मचवा काढून दोन सोबत्यांबरोबर पार खोल दर्यात गेला होता, जिथं तळाशी भाकस राहतात. जाताना म्हणाला होता, "आठ दिसांत येतो गो." हौसानं भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. आठ झाल्या, नऊ झाल्या, आज तिनं अकरावी ओढली.  आय नुसती दारात उभी राही आणि चुलीवर पेज करपून जाई.

तुम्ही भाकस पाहिलाय का? मोठ्ठा चपटा मासा! वरून मातीसारखा तपकिरी, खालून पांढराशुभ्र आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. अगदी पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. मग एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्याच्या बाजूला येऊन बसतो. तो का येतो, हे हौसानं सगळ्यांना विचारून झालं होतं, पण तिला कोणी धड सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी हौसा जळणाला सुरूची सुकी बोंडं वेचायला किनाऱ्यावरच्या बनात गेली. तिथं धावलूतात्या आपल्या पालथ्या घातलेल्या होडक्यावर बसला होता. तात्याचे गुडघे चार वर्षांपासून धरले होते, म्हणून होडकं पाण्यात जात नव्हतं आणि म्हणून तात्या दिवसभर सगळ्यांवर खेकसत होता.

"ए पोरी! बोंडं उचल, पन माझ्या होडक्याला हात लावशील तर बघ!"

"नाय लावत, तात्या," हौसा म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर तिनं हळूच मागं पाहिलं. तात्या होडक्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, आजारी वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बनाच्या आतल्या अंगाला बाचं जुनं जाळं दोन झाडांना टांगलेलं होतं, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. काजवा? दिवसाढवळ्या? हौसा जवळ गेली, तर ती चक्क एक परी होती! बोटाएवढी छोटुकली. अबोलीच्या पाकळ्यांचा घोळदार झगा, डोक्यावर दवाच्या थेंबांचा चिमुकला मुकुट आणि धुक्याहून पातळ पंख. पण पंखांभोवती जाळ्याचे पाच-सहा वेढे बसलेले.

"मला सोडव ना गं," परी रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी बागेतली परी. वाऱ्यानं उडवून इथं आणलं. ही कसली झाडं? यांच्यावर फुलंसुद्धा दिसत नाहीत!"

हौसाच्या कमरेला कोयती होती. एक घाव आणि जाळं मोकळं. पण पंख फाटले असते, आणि बाचं जाळंही. मग हौसा मांडी घालून बसली आणि एकेक गाठ नखांनी सोडवू लागली. सोडवता सोडवता तिनं परीलाही भाकसाच्या सरकत्या डोळ्याबद्दल विचारलं, पण परीनं कधी भाकस पाहिलाच नव्हता. पाचवी गाठ सुटेपर्यंत सावल्या लांब झाल्या आणि जळणाची टोपली रिकामीच राहिली.

सुटताच परीनं गिरकी घेतली. सोनेरी चुरा सगळीकडे उधळला. तिनं हौसाच्या तळहातावर अबोलीची दोन फुलं ठेवली.

"या दोन इच्छा. पण नियम ऐक हं. एक इच्छा आपल्या घरासाठी, एक दुसऱ्याच्या घरासाठी. मागितलेलं परत फिरवता येत नाही. आणि दुसऱ्याला सांगायचं नाही की तू मागितलंस."

"दोन्ही आमच्याच घरासाठी नाय चालणार?"

"नाही बाई."

पहिली इच्छा सोपी होती. दर्यात निघालेल्या माणसाला शिंपलवाडीत सगळे म्हणतात, भरून ये. हौसानं डोळे मिटले. "माझा बा आनि मचवाभर भाकस घरी येऊ देत!" एक फूल चमचमलं आणि विरघळलं.

दुसरीपाशी मात्र हौसाचा पार गोंधळ उडाला. शेजारच्या मंजुळामावशीसाठी मागावं, तर तिच्या घरी सगळंच आहे. मावशीला पुष्कळ तांदूळ मिळू दे, म्हणजे ती आपल्याला देईल, असंही तिच्या मनात आलं. मग तिची तिलाच लाज वाटली. तेवढ्यात तिकडून तात्याच्या खोकल्याचा आवाज आला. तात्यानं तिला कधी बोरसुद्धा दिलं नव्हतं. पण होडक्यावरून फिरणारा त्याचा हात तिला आठवला.

"धावलूतात्याचे गुडघे बरे होऊ देत," ती पुटपुटली. दुसरं फूलही विरघळलं.

"अगो आय!" तात्या ओरडला. "माझ्या पायांत मुंग्या कोनी सोडल्या? तूच गो, हौशे!"

हौसाला कळेना, हे बरं झालं की वाईट. पण विचार करायला वेळच नव्हता. किनाऱ्यावरून हाका आल्या, "मचवा दिसला! मचवा आला!"

ती धावत सुटली. खरंच, सोनेरी उन्हात बाचा मचवा येत होता! भाकसांनी असा काठोकाठ भरलेला, की पाणी काठाला चाटत होतं. सगळी वाडी टाळ्या पिटू लागली. आय तर हसत होती आणि रडतही होती. आणि खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर, मचवा थांबला.

मचवा एवढा जड झाला होता की तो वाळूत रुतला. ओहोटी संपत आली होती. आता भरतीच्या पहिल्या मोठ्या लाटा आल्या, की रुतलेल्या मचव्याला उलथून टाकणार, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. वाडीच्या मोठ्या होड्या चिखलात बसलेल्या; मदतीला जाणार कोण?

"फेक! म्हावरं पान्यात फेक!" लोक ओरडले. बानं जड मनानं एक भाकस समुद्रात टाकला. तो टुणकन उडी मारून परत मचव्यात! दुसरा टाकला, तोही परत. बा आणि त्याचे सोबती डोकं धरून बघतच राहिले.

हौसा बनात पळत आली. "परी, परी! इच्छा परत घे! माझा बा बुडंल!"

"परत घेता येत नाही गं," परी कावरीबावरी झाली. "पण होडी भरून आली ना? मग बिघडलं काय? मला बाई हे ओहोटी-बिहोटी काही कळत नाही. मी अबोलीच्या ताटव्यात राहते!"

"मी चांगलं मागितलं, मग वाईट कसं झालं?"

  हौसा वाळूत बसून हमसाहमशी रडू लागली.

तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला. धावलूतात्यानं पालथं होडकं सरळ केलं होतं! एकट्यानं! तो ते ढकलत पाण्याकडे निघाला होता आणि वाटेत सगळ्यांवर खेकसत होता. "बघताय काय? हात लावा! सपाट तळाचं होडकं हाय माझं, वीतभर पान्यातबी चालतं!"

होडकं डुलत डुलत दांड्याशी पोचलं. "जानू," तात्या बाला म्हणाला, "दर्यात टाकू नको. माझ्या होडक्यात टाक. परत उड्या मारत्यात, म्हंजे घरी जायचंय त्यांना!"

आणि काय आश्चर्य! होडक्यात टाकलेला एकही भाकस परत उडाला नाही. सगळे शहाण्या मुलांसारखे एकावर एक निजून राहिले. तात्यानं एक खेप किनाऱ्यावर आणली, दुसरी आणली. तिसरी खेप भरली आणि मचवा हलला, अंग झाडून वर आला. भरतीची पहिली लाट आली, तिनं त्याला उलथवलं नाही, अलगद उचलून खाडीत आणून सोडलं.

बा उडी मारून उतरला. हौसा त्याच्या गळ्यात पडली ती सुटेचना. त्याच्या सदऱ्याला माशांचा वास होता, आणि तिला तो जगातला सगळ्यात छान वास वाटला.

मग पाट्या भरल्या. हात लावायला आलेल्या प्रत्येकाला एकेक भाकस मिळाला. सगळ्यात मोठा भाकस हौसानं दोन्ही हातांनी उचलून तात्याला नेऊन दिला.

"गुडघे कसे सुटले कोन जाने," तात्या गुरगुरला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "तू काय हसतंस गो?"

"काय नाय, तात्या," हौसा म्हणाली आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

सूर्य मावळतीला टेकला होता. बनाच्या कडेला परी तरंगत होती. हौसा धापा टाकत तिच्यापाशी गेली.

"परी, एक इच्छा तात्याच्या घरासाठी होती ना? मग तीच आमच्या घरी कशी आली? माझा बा तर तिनंच आनला!"

परी विचारात पडली. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मुकुट सारखा केला.

"खरं सांगू? मलाही नीटसं कळलं नाही. तुझ्या त्या भाकसाचा डोळा सरकतो ना, तशीच सरकत आली असेल." ती खुदकन हसली. अबोली रंगाचा उजेड पसरला, सुरूच्या सुयांवर, वाळूवर, हौसाच्या दोन्ही ठिगळांवर. आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

घरी चुलीवर भाकसाचं कालवण रटरटत होतं. आयनं आज काहीच करपवलं नव्हतं. पानं घेणार, तोच दारात खोकला ऐकू आला. धावलूतात्या मोठा भाकस हातात घेऊन उभा होता.

"एकट्याला एवढा कसा सरंल," तो खेकसला.

हौसानं उठून आणखी एक पान मांडलं, अगदी आपल्या शेजारी.