तुळाजी आणि वैद्यांचं कपाट

टेंभुर्ली गावात तुळाजी नावाचा एक भोळा नवरा होता. भोळा म्हणजे आळशी नव्हे. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. घोटाळा तिथूनच सुरू व्हायचा.

त्याची बायको अनसा लग्नांची रुखवतं करायची. मण्यांची तोरणं, लोकरीचे पोपट, मोरपिसं लावलेली शिंपल्यांची गलबतं. हात मोठा गुणी. पण घर लहान. मणी डाळीत सापडायचे आणि डाळ तोरणात.

त्या वर्षी रंगराव पाटलांच्या दोन मुलींचं लग्न एकाच मांडवात ठरलं. दोघी सख्ख्या बहिणी, दोघे नवरदेव सख्खे भाऊ. दोन्ही रुखवतं अनसाकडे आली. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालं नव्हतं.

ती तुळाजीला म्हणाली, "अहो, सामान ठेवायला जागा पाहिजे. माझे मामा वैद्य होते ना, त्यांचं औषधांचं जुनं कपाट पडून आहे. बारक्या बारक्या खणांचं. मण्यांना अगदी बेस होईल. तेवढं आणा. जड आहे, तर खण काढून आणा."

तुळाजी बैलगाडी घेऊन गेला आणि कपाट घेऊन आला. कपाटाला सगळीकडे चौकोनी भोकं होती.

"खण कुठं आहेत?" अनसाने विचारलं.

"मामांकडं."

"तिथं कशाला ठेवले?"

"खण काढून आणा म्हणालीस. काढले. आणलं."

अनसा भोकांकडे बघत राहिली. "अहो, मी भोकांत मणी कसे ठेवू? वस्तू आणताना आत जे असेल त्यासकट आणायची असते."

"लक्षात ठेवलं," तुळाजी म्हणाला. आणि खरंच ठेवलं.

तो परत जाऊन खण घेऊन आला. खणांना अजून हिंगाचा आणि सुंठीचा वास होता. अनसाने ते धुतले, उन्हात वाळवले, कपाटाला तेल लावलं. कपाट असं झालं की शेजारणी उगाच बघून जायच्या.

मग लोकरीचा प्रश्न आला. अनसा म्हणाली, "शेजारच्या सगुणाकाकूंकडे जुना सागवानी पाळणा आहे. न्या म्हणाल्यात. त्यात लोकर छान राहील."

तुळाजी गेला. काकू विहिरीवर गेल्या होत्या. घरात पाळणे दोन होते. एक माळ्यावर, रिकामा. एक ओसरीवर, भरलेला. तुळाजीने विचार केला. आत जे असेल त्यासकट आणायचं. म्हणजे भरलेला. त्याने दोऱ्या सोडल्या आणि पाळणा डोक्यावर घेऊन आला.

अनसा तोरण ओवत होती. मान वर न करता तिने हाताशी असलेले लोकरीचे दोन गुंडे पाळण्यात टाकले.

लोकर रडायला लागली.

अनसाने वाकून बघितलं. आत सगुणाकाकूंचा नातू होता. तोवर काकू, त्यांची सून आणि अर्धी आळी दारात आली होती. सुनेने पोर छातीशी धरलं आणि ती तुळाजीकडे नुसती बघत राहिली. तुळाजीला वाईट वाटलं. पाळणा त्याने अजिबात हिंदकळू दिला नव्हता.

सगळे गेल्यावर अनसा म्हणाली, "अहो, आत दुसऱ्याचं काही असलं तर आधी ज्याचं त्याला द्यावं. मग वस्तू न्यावी."

"लक्षात ठेवलं."

काकू मनाने मोठ्या. माळ्यावरचा पाळणा त्यांनी स्वतः आणून दिला. कपाट भरलं, पाळणा भरला. लग्न चार-पाच दिवसांवर आलं. एका सकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा अनसा बाजाराला निघाली होती.

"पडवीतलं कपाट आणि पाळणा तेवढा आत घ्या," ती जाता जाता म्हणाली.

तुळाजी कपाटाला हात घालणार, एवढ्यात त्याला आठवलं. आधी ज्याचं त्याला.

पहिल्या खणात मणी होते. ते तो कासाराकडे घेऊन गेला. कासार म्हणाला, "आवडले नाहीत काय?"

"आवडले. पण तुमचे आहेत."

जरीचे काठ आणि बटणं गावातल्या बायकांनी दिलेली. ती त्याने दारोदार वाटली. शिंपले नदीत सोडले. पिसं घेऊन बाभळीच्या रानात गेला, पण मोर थांबेना. शेवटी पिसं झाडाखाली ठेवून आला. लोकर घेऊन धनगरवाड्यावर गेला. कुठली लोकर कुठल्या मेंढीची ते कळेना, म्हणून सगळ्यांना थोडी थोडी दिली. एका मेंढीने ती खाल्ली.

मग त्याने रिकामं कपाट आणि रिकामा पाळणा आत घेतला. खूप हलके झाले होते.

अनसा आली. एक खण उघडला. दुसरा उघडला. मग पाटावर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तुळाजीला वाटलं. तोही शेजारी बसला.

बातमी गावभर झालीच होती. ज्या बायकांच्या हातात बटणं पडली त्या बटणं घेऊन आल्या. कासार मणी घेऊन आला. धनगराने लोकर गोळा करून आणली. रानातली पिसं, नदीतले शिंपले तुळाजी स्वतः वेचून घेऊन आला. सगळ्याचा एकच ढीग झाला.

अनसाने डोळे पुसले. "आता बसा आणि जोड्या लावा."

"जोडी म्हणजे कसं?"

"सारख्यासमोर सारखं. लालासमोर लाल, पिवळ्यासमोर पिवळं. वेगळ्यात वेगळं मिसळायचं नाही."

"लक्षात ठेवलं."

तुळाजीने अन्नपाणी विसरून जोड्या लावल्या. एकही चुकली नाही. अनसाने खण उघडून बघितले आणि म्हणाली, "शाबास." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द तुळाजी पहिल्यांदा ऐकत होता. त्याला तो फार आवडला.

रुखवतं वेळेवर झाली. मांडवात त्यांच्यापुढून माणसं हलेनात. रंगराव पाटील अनसाला म्हणाले, "ताई, गावाची मान वर केलीत."

अनसा खुशीत होती. म्हणाली, "यांनीही मदत केली. जोड्या फार छान लावतात."

रंगरावांना तेच हवं होतं. मुलींचे मामा पंगतीत अडकले होते आणि मुहूर्त जवळ आला होता. ते म्हणाले, "तुळाजीराव, मग तेवढं काम करा. दोन्ही अंतरपाट धरलेत. चौघांच्या जोड्या लावून उभं करा."

तुळाजीने फेटा नीट केला आणि चौघांकडे निरखून बघितलं. दोघांना फेटे होते, दोघींना शालू होते. अवघड काहीच नव्हतं.

गुरुजींना मंगलाष्टका पाठ, ते डोळे मिटून म्हणायचे. मुलाकडच्यांना वाटलं, ही मुलीकडची रीत असेल. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची असेल. अक्षता पडल्या. ताशा वाजला. अंतरपाट खाली आले.

इकडे बहीण बहिणीकडे बघत होती. तिकडे धाकटा नवरदेव म्हणाला, "दादा, तू?"

"मीच," थोरला म्हणाला.

"हार घाला," गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले.

थोरल्याने घातला. धाकट्याने वाकून नमस्कार केला.