बारा रांगा, एक बाक

“...पण बाई, मी एकच खुर्ची विकली! बारा कशा गेल्या?”

केळशीकर बाई ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. यशोधन त्यांच्याच हाताखाली पायथन ही संगणकाची भाषा शिकला, आणि शिकल्यापासून त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. गावच्या नाट्यगृहाची तिकीटविक्री संगणकावर आणायचं काम त्यानं छाती ठोकून अंगावर घेतलं होतं. आज चारला खिडकी उघडायची. आणि सकाळी चाचणीत पहिल्या रांगेतली पाचवी खुर्ची विकली, तर पडद्यावर बाराही रांगांतली पाचवी खुर्ची लाल, म्हणजे विकलेली, झाली.

“रांगा केल्यास कशा?”

“एक रिकामी रांग केली आणि तिला बारानं गुणलं. एका ओळीत काम फत्ते! लोक उगाच लूप लिहून तेच काम बारा फेऱ्यांत करवत बसतात.”

“हं...”

“मग बिघडलं म्हणून रांगांच्या सगळ्या यादीची कॉपी काढली. तरी तेच! बाई, चार वाजता सगळ्या गावासमोर माझी शोभा होणार हो.” ऐट कुठल्या कुठे पळाली होती. पोरगा रडवेला झाला होता.

बाई उठल्या. तीन चिठ्ठ्यांवर पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग असं लिहून त्यांनी तिन्ही ओसरीवरच्या एकुलत्या एका बाकाला चिकटवल्या. मग त्या बाकावर ऐसपैस बसल्या.

“मी पहिल्या रांगेत बसले. तू दुसरीत बस.”

यशोधन बाकाशी गेला. बसायला जागाच नव्हती.

“मग तिसरीत बस.”

तो उभाच राहिला.

“आता तुझी कॉपी बघू.” बाईंनी जुन्या चिठ्ठ्या काढल्या, तशाच नव्या लिहिल्या, त्याच बाकाला लावल्या आणि पुन्हा बसल्या. “हं, बस.”

यशोधननं एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून खालचा बाक चाचपला.

“म्हणजे रांग एकच होती. नावं तेवढी बारा.”

बाई शेंगांकडे वळल्या.

“दर फेरीला रिकामी रांग नव्यानं करायला हवी,” तो पुटपुटला. “लूप आलाच. माझी ती एका ओळीची मिजास गेली म्हणायची.”

“का जाईल? लूप यादीच्या कंसातच घाल, ओळ एकच राहील.”

“मग बदललं काय, बाई?”

बाईंनी एक शेंग फोडली.

“दर रांगेला नवा बाक. सुताराकडे बारा वेळा जायचं.”