घाटातलं वळण

खूप जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावातून वरच्या वाड्यांकडे जायला एकच रस्ता, तोही घाटातून. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

त्या गावात हैबती नावाचा तरुण टांगेवाला राहायचा. घोडा चपळ होता आणि हैबतीला त्याचा भारी अभिमान. पुढे कुणाची गाडी दिसली, की ती मागे टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायकापोरं घाबरून कड्याला चिकटून उभी राहत आणि हा हसत निघून जाई.

त्याची बायको गिरजा म्हणायची, "अहो, जरा बेतानं हाका."

"अगं, माझा हात बसलाय या रस्त्यावर," तो म्हणायचा.

एके दिवशी सकाळीच गिरजाला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. सुईण कोंडाआजी वरच्या वाडीत राहायची. हैबती टांगा घेऊन तिला आणायला गेला.

टांग्यात बसता बसता आजीनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "पहिलटकरीण आहे. अजून पुष्कळ वेळ आहे, बाबा. सावकाश ने."

पण हैबतीनं चाबूक उगारला. उतार लागला तसा टांगा हिंदकळू लागला.

"हैबती, घोडा आवर! पुढं वळण आहे," आजी ओरडली.

"रोजचा रस्ता आहे, आजी. डोळे मिटून उतरेन."

वळणापलीकडून एक धनगर मेंढरं घेऊन वर येत होता. ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. हैबतीनं जीव खाऊन लगाम खेचला, पण उतारावर टांगा थांबेना. घोडा बिथरला, चाक कड्यावर आदळलं आणि टांगा उलटला.

हैबतीला नुसतं खरचटलं. आजी मात्र दगडांवर फेकली गेली होती. तिचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता.

धनगरानं आपल्या घोंगडीची झोळी केली. दोघांनी आजीला त्या झोळीतून पायी खाली आणलं. घरी पोहोचेपर्यंत दिवस कलला होता.

आजीनं वेदना गिळून शेजारणींना एकेक गोष्ट सांगितली. पण बाळ आडवं होतं. त्याला फिरवायला जाणता हात हवा होता, आणि तो हात तर मोडला होता. गिरजा वाचली. बाळ रडलंच नाही.

हैबती उंबऱ्यावर डोकं धरून बसला. "गिरजे, मी तुझ्यासाठीच पळवला गं टांगा," तो म्हणाला.

गिरजा हळूच म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी आला असतात तरी चाललं असतं. आजी धड यायला हवी होती."

कोंडाआजीचा हात पुन्हा सरळ झाला नाही. पुढं कुठं बाळंतपण अडलं, की लोक सवयीनं तिच्या दाराशी येत, आणि ती रडत त्यांना परत पाठवी. मग ते हैबतीकडे येत. हैबती टांगा जोडून लांबच्या गावच्या सुईणीला आणायला जाई. वळण आलं, की खाली उतरून घोड्याचा लगाम हातात धरी आणि चालत पलीकडे जाई. त्याला कुणी घाई करायला सांगितलं, तरी तो चाल बदलत नसे.

सावकाश जाणारा माणूसही घरी पोहोचतो. वेगाच्या भरात गमावलेला जीव मात्र कुठल्याच रस्त्यानं परत येत नाही.