संगतीचा परिणाम
मिरजेचे भाऊकाका घरातच वधूवर मंडळ चालवत आणि आपण जुळवलेलं लग्न मोडत नाही, असा टेंभा मिरवत. त्यांच्याकडेच वाढलेली पुतणी शर्वाणी एकदा ऋता नावाच्या मैत्रिणीला घेऊन आली. म्हणाली, "काका, आमचं एकमेकींवर प्रेम आहे. आम्ही संसार एकत्रच करणार."

काका भडकले. "हा सगळा संगतीचा परिणाम! हिला सोड, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस."

शर्वाणी शांतपणे म्हणाली, "काका, दर रविवारी याच दिवाणखान्यात नवऱ्या मुलांना पोहे देत मी लहानाची मोठी झाले. संगतीनंच सगळं होत असतं, तर त्यातल्याच एकाशी माझ्या लग्नाचा बार कधीच उडाला असता."

काकू आत गेल्या आणि पोह्यांची बशी आणून त्यांनी ऋतापुढे ठेवली.