चिंच आणि वाळू

वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट. बाबल चिताऱ्याने वारलेल्या आईचं चित्र काढायला तांब्याचा पत्रा घेतला. चिंचेने घासून तो लख्ख केला आणि मग वाळूकडे हात नेला.

पत्रा कळवळला. "चिंच हवी तेवढी लाव, बाबल, पण वाळू नको. माझी चकाकी जाईल."

"ओरखडे काढल्याशिवाय रंग धरत नाही रे," बाबल म्हणाला. पण त्याला दया आली. त्या गुळगुळीत पत्र्यावरच त्याने आईचा चेहरा काढला. हुबेहूब उतरला.

दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटले. आधी कपाळ गळलं, मग डोळे, मग हसू.

"आता घास मला," पत्रा म्हणाला. "लागेल तेवढी वाळू लाव, पण तिला पुन्हा काढ."

बाबलने पत्रा चांगला खरखरीत केला, कुंचला रंगात बुडवला, आईचा चेहरा आठवायला डोळे मिटले आणि कुंचला तसाच खाली ठेवला.

"ती तुझ्यावर आहे म्हणून मी निर्धास्त होतो रे," तो शेवटी म्हणाला. "डोळे मिटून तिला बघायचं मी कधीच सोडून दिलं होतं."