काचेखालचा समुद्र

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकत बसलेल्या थोर मंडळींनो, ही फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मलाही सांगता यायचं नाही. मी ऐकली तेव्हाच ती जुनी झालेली होती.

समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. गावात तीस-बत्तीस होड्या होत्या. होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाला तांडेल म्हणत, आणि प्रत्येक तांडेलापाशी कापडाचा एक पट असे. त्या पटावर समुद्र रंगवलेला असे. खडक कुठे आहेत, कुठे किती पुरुष, म्हणजे किती माणसांच्या उंचीइतकं, पाणी आहे, वारा फिरला तर कोणत्या खाडीत शिरायचं, टेकडीवरचं वडाचं झाड देवळाच्या शिखरामागे लपलं की सुकाणू किती वळवायचं, सगळं त्यात असे.

हे पट आवडाबाई रंगवी. ती स्वतः कधी समुद्रावर गेली नव्हती. तांडेल सांगत आणि ती काढी. वर्षातून एकदा होड्या किनाऱ्यावर ओढल्या की सगळे पट देवळाच्या अंगणात पसरले जात. मग एकमेकांचं पाहून प्रत्येक जण आपला पट सुधारून घेई. भांडणंही होत.

"इथे वाळू आहे, माझ्या पटात बघ."

"तुझ्या बापाच्या वेळी होती. आता वाहून गेली!"

शेवटी दोघं होडी काढून जात, दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडत आणि मोजून परत येत. हरलेला मुकाट्याने आवडाबाईसमोर आपला पट ठेवी. कधीकधी पट चुकतही. एका वर्षी चुकीच्या खुणेमुळे दोन होड्या खडकावर घासल्या आणि त्यांच्या फळ्या फुटल्या.

त्याच वर्षी मोठ्या बंदरातल्या व्यापारी पेढीचा कारभारी गावात आला. माणूस बोलायला गोड होता. त्याने कुलूप लावलेली एक शिसवी पेटी पुढे ठेवली. पेटीच्या झाकणाला काच होती आणि तिच्याखाली नकाशा होता. रेषा केसासारख्या बारीक, रंग झळझळीत. गावातल्या कुणीही इतका रेखीव समुद्र पाहिला नव्हता.

"पेढीची चाळीस गलबतं वर्षभर पाणी मोजत असतात," कारभारी म्हणाला. "दर वर्षी मी स्वतः येईन, कुलूप काढीन आणि जुना नकाशा बदलून नवा घालीन. पहिली तीन वर्षं काही द्यायचं नाही. पुढे वर्षाला एक टोपली सुकी मासळी."

"आणि अट?" आवडाबाईने मागून विचारलं.

"साधीच आहे. पेटी उघडायची नाही. नकाशाची नक्कल करायची नाही. एका होडीची पेटी दुसऱ्या होडीला द्यायची नाही. आणि जुने पट आमच्याकडे जमा करायचे. दोन नकाशांत घोटाळा नको."

लोक पदाजी तांडेलाकडे पाहू लागले. पदाजी गावातला जाणता माणूस. त्या वर्षी घासलेल्या होड्यांपैकी एक त्याचीच होती. त्याने बराच वेळ काचेखालच्या रेषा पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. त्याला माहीत नव्हता असा एक खडकही त्यात दिसला.

"घेऊ या," तो म्हणाला. "आपल्या पोरांचे जीव वाचतील."

आवडाबाई म्हणाली, "पदाजी, नकाशा घे. पण पट कशाला देतोस?"

"काकी, ते चुकतात. आणि हा चुकत नाही."

प्रत्येक होडीला एक पेटी मिळाली आणि पट गोळा झाले. कारभाऱ्याने ते गाठोड्यात बांधून नेले. आवडाबाईने आपले रंग धुऊन फळीवर उपडे घातले.

दोन वर्षं फार चांगली गेली, हे सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन. एकही होडी खडकाला लागली नाही. नवी पोरं तांडेल झाली. त्यांना वडाचं झाड आणि शिखर यांचा मेळ घालायची गरज उरली नाही. ती काचेत पाहत आणि सुकाणू वळवत. पदाजीचा पुतण्या बुधाजी त्यांतलाच एक. कामात तरबेज आणि मनाने निर्मळ होता. पदाजीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

तिसऱ्या वर्षी कारभारी आला आणि पेट्यांतले नकाशे बदलून गेला. पदाजीने नवा नकाशा पाहिला आणि तो धावतच कारभाऱ्याच्या मागे गेला.

"कारभारी, यात माडांची खाडी नाही!"

माडांची खाडी गावाच्या दक्षिणेला होती. तोंड अरुंद, पण आत पाणी थाळीसारखं शांत. काठावर छोटा बाजार भरे. तिथे पेढी सोडून दुसरे व्यापारीही मासळी घेत आणि चार पैसे जास्त देत.

"नाही खरी," कारभारी म्हणाला. "जिथे पेढीची वखार आहे तीच बंदरं आता नकाशात दाखवायची, असं वर ठरलंय."

"पण तिथे तर तुम्ही खडकाचे काळे ठिपके घातलेत. तिथे एकही खडक नाही!"

"आम्ही आता तिथलं पाणी मोजत नाही, तांडेल. जिथलं पाणी मोजलेलं नाही तिथे धोका दाखवायचा, असा नियम आहे. तुमच्या काळजीपोटीच."

"पेटी उघडा. मी एक खूण करतो. एवढीशी."

"ते मला करता येत नाही. तुमचं म्हणणं मी पेढीला कळवीन."

पदाजी परतला. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. खाडी काय कुठे पळून जात नाही, तो मनाशी म्हणाला, आपल्याला तर ठाऊक आहे. बुधाजीला एकदा नेऊन दाखवली पाहिजे. मग त्या वर्षी मासळी भरपूर लागली, पुढच्या वर्षी बुधाजीचं लग्न निघालं, आणि दाखवायचं राहून गेलं. होड्या पेढीच्या बंदराकडे जात राहिल्या. माडांच्या खाडीकडे कुणी फिरकेना.

सहाव्या वर्षी, मासेमारीचा हंगाम संपत आला असताना, एका दुपारी आकाशाचा रंग पालटला. पाच होड्या समुद्रात होत्या. तीन जवळ होत्या, त्या परतल्या. बुधाजीची आणि जोमा नावाच्या एका तरुण तांडेलाची, अशा दोन होड्या दक्षिणेला लांब गेल्या होत्या. पदाजी गुडघ्याच्या दुखण्याने त्या दिवशी घरीच होता. तो काठी टेकत किनाऱ्यावर आला आणि वाऱ्यात उभा राहिला.

"माडांच्या खाडीत शिरतील," तो बायकांना धीर देत म्हणाला. आणि बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. ती खाडी आहे हे त्या पोरांना सांगितलं कुणी होतं?

दुसऱ्या दिवशी जोमाची होडी सापडली. दूरच्या वाळूवर फेकली गेलेली, पण माणसं जिवंत. बुधाजी आणि त्याचे दोन खलाशी आलेच नाहीत.

जोमा पदाजीच्या ओसरीवर बसला. त्याला पाणी दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं.

"काका, आम्ही तोंड पाहिलं होतं," तो म्हणाला. "किनाऱ्यात एक फट दिसत होती. आतलं पाणी शांत दिसत होतं. बुधाजीने ओरडून विचारलं, शिरायचं का? मी काचेत पाहिलं. सगळे काळे ठिपके. मी ओरडलो, खडक आहेत! त्यानेही आपल्या पेटीत पाहिलं. मग आम्ही दोघांनी होड्या पुन्हा समुद्राकडे वळवल्या. डोळ्यांना दिसत होतं, काका. तरी आम्ही काचेचं ऐकलं."

बुधाजीची बायको दाराआडून ऐकत होती, आणि तिच्याकडे पाहायची पदाजीची हिंमत झाली नाही.

तेरा दिवस झाल्यावर तो मोठ्या बंदरात गेला. त्याने पेटी कारभाऱ्यापुढे ठेवली.

"आमचे पट परत द्या."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "तांडेल, ते ठिपके मी घातले नव्हते. मी नुसता वरून येतं ते पोचवतो. तुमचं म्हणणं मी कळवलंही होतं."

"मग उत्तर काय आलं?"

"उत्तर आलं नाही."

"आणि पट?"

"ते तुम्ही आपखुशीने दिलेत. आता ते पेढीचे आहेत. खरं सांगू? कुठल्या कोठीत आहेत, आहेत की कसर लागून गेले, हे मलाही माहीत नाही."

पदाजी रिकाम्या हातांनी गावी आला आणि थेट आवडाबाईच्या दारात गेला.

"काकी, चूक माझी. पुन्हा पट काढायचे आहेत."

आवडाबाईची दृष्टी अधू झाली होती. ती म्हणाली, "हात अजून चालतो. पण मी ऐकलेलंच काढते रे. मला सांगणार कोण? निम्मे म्हातारे तांडेल वारले. पोरांना ठिपके सोडून काही येत नाही. पाणी पुन्हा मोजावं लागेल."

"मोजू."

आणि ते मोजू लागले. पदाजी दुखऱ्या गुडघ्याने रोज होडीत चढे. जोमा आणि इतर तरुण तांडेल बरोबर असत. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, वर ओढायची, आकडा ध्यानात ठेवायचा, संध्याकाळी तो आवडाबाईला सांगायचा आणि तिने तो कापडावर घ्यायचा. सबंध एक वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. पहिले पट ओबडधोबड होते. काचेखालच्या समुद्रापुढे ते पोराने गिरवल्यासारखे दिसत. पण कुणीही कुणाचा पट मागावा, नक्कल करावी, खूण घालावी, खोडावी. आवडाबाईने दोन मुलींना हाताशी घेऊन कुंचला धरायला शिकवला.

काही घरांनी पेढीची पेटी सोडली नाही. लोक पदाजीला म्हणाले, "तू त्यांना बजाव. या पेट्या फोडायला लाव."

"नाही," पदाजी म्हणाला. "पेढीचा नकाशा पुष्कळ ठिकाणी आपल्यापेक्षा चांगला आहे. ज्याला ठेवायचाय त्याने ठेवावा. पण एकट्या पेटीवर कुणी होडी लोटायची नाही. शेजारी आपला पट हवा, आणि तो वाचता यायला हवा."

गावाने ते मानलं. दुसऱ्या कोळीवाड्यांतली माणसं पट पाहायला येऊ लागली आणि नकला घेऊन जाऊ लागली. जाताना आपल्याकडच्या खुणा सांगून जात. पुढे पेढीने माडांची खाडी नकाशात पुन्हा दाखवली म्हणे. कारभाऱ्याने तसं सांगितलं तेव्हा गावात कुणी हरखून गेलं नाही. आज दाखवलेली उद्या पुसता येते, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

मोजणी सुरू झाल्यापासून तिसऱ्या वर्षी पट देवळाच्या अंगणात पसरले गेले. जोमा पदाजीच्या पटापाशी बसला होता. त्याने पटावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मग संकोचत म्हणाला, "काका, रागावू नका. इथे तुमचं चुकलंय. तुम्ही तीन पुरुष पाणी दाखवलंय. मी परवा मोजलं. दोनच आहे."

पदाजीला चुकलास असं आजवर तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने पटाकडे पाहिलं, मग जोमाकडे पाहिलं. बाजूला भिजवून ठेवलेला कुंचला उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मग बघतोस काय?" तो म्हणाला. "खोड, आणि बरोबर आकडा लिही."

मंडळी, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जे आपल्याला उघडून पाहता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि शेजाऱ्याला देता येत नाही, ते आपल्या घरात असलं तरी आपलं नसतं.